ओढणीवरची दोन पावलं

रानिया, २ मे १९९३

बायीझ,

‘प्रिय दादा’ असं लिहायला बसले होते. हात चालला नाही. हा हात धरून अक्षरं गिरवायला तूच शिकवलंस, कोठीच्या भिंतीवर, चुलीतल्या कोळशाने. त्यापायी बाबांचा मारही खाल्लास. म्हणून निदान नावाने हाक मारते आहे. नाहीतर तीही मारली नसती.

साबीर खेचरवाला काल येऊन गेला. सीमेपलीकडच्या सरदश्तहून चहा, साखर, टायर, काय काय आणतो, त्यात तुझा निरोप. ओट्यावर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, ‘‘बफ्रीनताई, बायीझ विचारतोय, रात्री चकोरांच्या पिंजऱ्यांवर कापड टाकता ना? आणि कलिंगडाच्या बिया आहेत की संपल्या?’’

मी म्हटलं, ‘‘आणखी काय विचारलं?’’

त्याने पेल्यात बघितलं. ‘‘एवढंच, ताई.’’

परवा मामंदचा चाळिसावा दिवस झाला. माझ्या नवऱ्याचा. ज्याला तू मारलंस. तुझ्या निरोपात त्याचं नाव नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवते.

साबीर उठता उठता आणखी एक सांगून गेला. म्हणे सरदश्तच्या चहाच्या दुकानात तू येईल त्याला सांगतोस, ‘‘बहिणीची ओढणी मला दिसलीच नाही. धूळ होती, गर्दी होती. दिसली असती तर बायीझ काय ओलांडणारा माणूस आहे?’’ लोक मान डोलवतात, तुझ्या चहाचे पैसे देतात. वा! मग जे तुला दिसलं नाही ते मी सांगते. मला सगळं दिसलं.

नवरोजचा दिवस. केवारश डोंगराच्या पायथ्याला, अक्रोडाच्या झाडांखाली सगळं रानिया गाव जमलेलं. आम्ही बायका यापराखच्या, भात भरलेल्या द्राक्षपानांच्या, पातेल्यांपाशी. मी बाह्या वर करून चूल सारखी करत होते. तुमचं झुंजीचं वर्तुळ पलीकडे, नाल्याच्या अंगाला. मध्ये दोन चकोर, माझा सूरो आणि तुझा आगा. झुंज चांगली चालली असली की बाप्ये ओरडतात, हे आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही गप्प झालात. डाव हातात तसाच घेऊन मी गर्दीत घुसले.

सूरोचा एक डोळा गेला होता. मानेवरचं कातडं सोलून खाली लोंबत होतं, आत पांढरं हाड दिसत होतं. आगाने त्याला टाळूला धरून जमिनीवर आपटलं. एकदा, परत, परत. सूरो पडायचा, उठायचा. फुटलेल्या डोळ्यामुळे त्याचं तोंड भलतीकडेच व्हायचं, मग गोल फिरून तो आगाला शोधायचा. सापडला की पुन्हा जाऊन भिडायचा. आपला चकोर असा नसतो, बायीझ. मार बसला की तो वळतो, कोणाच्यातरी पायांतून पळ काढतो, लोक हसतात, मालक त्याला उचलून चोचीवरचं रक्त पुसतो आणि चहा मागवतो. ‘‘आमच्याकडे मरेपर्यंत झुंजवत नाहीत,’’ असं सुलेमानियाच्या पाहुण्यांना छाती काढून सांगताना मी तुला ऐकलं आहे.

मी मामंदला म्हटलं, ‘‘उचला त्याला.’’

तो म्हणाला, ‘‘उभा आहे तोवर उचलत नसतात. जा तू, पातेलं बघ.’’

तुला म्हटलं, ‘‘दादा, तू तरी उचल.’’

तू म्हणालास, ‘‘जिंकणारा कधी उचलतो काय?’’

तेव्हा मी डोक्यावरची ओढणी काढली आणि दोघा पक्ष्यांच्या मध्ये टाकली. सगळ्या गावासमोर, उघड्या डोक्याने. आजोबांच्या वेळी बाईने मध्ये टाकलेल्या अशाच एका ओढणीपाशी दोन घराण्यांच्या बंदुका खाली झाल्या होत्या, कोणी ती ओलांडली नव्हती, ती गोष्ट तूच मला किती वेळा सांगितलीस. गावातले जुनेजाणते हाजी कादर तर वाकलेही होते पक्षी सोडवायला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला कळलं.

आणि तू पुढे आलास. काठीच्या टोकाने ती ओढणी उचललीस, गटारातलं फडकं उचलावं तशी, आणि वर धरून म्हणालास, ‘‘बफ्रीन, ही माणसांसाठी असते गं! चकोरांना लावायला लागलो तर उद्या खाटकाच्या दुकानात जाऊन कोंबडीवर टाकशील!’’

सगळे हसले. मामंदही हसला. आता तो कबरीत आहे, पण हसला ते हसला. त्या हसण्यात आगाने सूरोचा दुसरा डोळा काढला आणि मग घसा.

ते तिथेच संपलं असतं. पण मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘मामंद, बायकोची ओढणी मेव्हण्याच्या काठीवर, आणि तू दात काढतोस?’’ कोण म्हणालं ते आजवर कळलं नाही. मामंदचा चेहरा उतरला. हसून झालं होतं, ते परत गिळता येत नव्हतं. म्हणून त्याने सूरोच्या अंगावर उभं राहून केकाटणाऱ्या आगाला धरलं, मुंडकं पिरगाळून तोडलं आणि धड तुझ्या छातीवर फेकलं. तुझा नवरोजचा पांढरा सदरा लाल झाला. तू कमरेचा खंजीर काढलास. त्याने त्याचा काढला.

ओढणी मी तोवर तुझ्या काठीवरून ओढून घेतली होती. ती मी दुसऱ्यांदा टाकली. आता तर माणसं होती ना? तूच म्हणाला होतास, माणसांसाठी असते. आधी मामंद तिच्यावर पाय देऊन पुढे आला, मग तू. दोघांनी तुडवली, मी कोणाला झुकतं माप देत नाही. त्याचा बूट नवा होता, त्याची नक्षी स्वच्छ उमटली आहे. तुझं पाऊल चिखलाचं आहे. मी ती धुतली नाही. दिसली नाही म्हणतोस, तर कधीतरी दाखवीन.

पुढे जे झालं ते माझ्या चुलीपाशी झालं. तू त्याला ढकलत ढकलत तिथवर नेलंस. बरगडीखाली एकदा खुपसलंस. तो पातेल्यावर पडला, उकळतं पाणी हातावर सांडलं, आणि तो ओरडला नाही. तेव्हाच मला समजलं. तरी तू वाकून दुसऱ्यांदा खुपसलंस. पहिला वार रागाचा होता म्हणू. दुसरा कशाचा होता, बायीझ?

पिंजऱ्यांवर कापड गुलबाख वहिनी टाकते. मी तुझ्या पक्ष्यांकडे फिरकत नाही.

बफ्रीन

रानिया, २८ मे १९९३

बायीझ,

तुझं पत्र मिळालं. चांगलं लांबलचक आहे. दुसऱ्या वाराचं उत्तर त्यात नाही, चकोरांबद्दल मात्र पानंच्या पानं आहेत. तू लिहितोस, डोंगरावरही ते वसंतात झुंजतात, मादीसाठी, जागेसाठी, आम्ही काय वेगळं करतो? आम्ही फक्त वर्तुळ आखतो.

अरे, तेच तर करता. डोंगरावर हरणाऱ्याला पळायला सगळा डोंगर असतो. तुम्ही वर्तुळ आखता आणि डोंगर काढून घेता. कडेला पिंजऱ्यात मादी ठेवता, वर म्हणता पक्ष्यालाच हौस आहे.

आणि सूरोच्या बाबतीत तर तुम्ही डोंगर आणखी आधीच काढून घेतला होता. आठवतं ना, तो कुठे वाढला? तूच अंडं आणलंस, मामंदने माझ्या कोंबडीखाली ठेवलं. पिल्लू बाहेर आलं ते माझ्या स्वयंपाकघरात. भिजवलेली भाकर, मुंग्यांची अंडी, टोळ, सगळं मी बोटांनी भरवलं. थंडीत माझ्या बाहीत झोपायचा. बाबांच्या वेळचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: हाती वाढवलेला चकोर अंगणात गायला ठेवायचा, रानातून धरलेला झुंजीला. का? भावंडांत वाढलेलं पिल्लू मार खातं, पळतं, आईच्या पंखाखाली शिरतं. त्याला हरायचं कसं ते येतं. हाती वाढवलेल्याला कोणी कधी टोचलेलंच नसतं. त्याला पळणं माहीत नसतं.

नियम तुम्ही दोघांनी मिळून मोडलात, मेव्हण्या-मेव्हण्यांनी, गळ्यात गळे घालून. कारण न पळणारा जिंकतो. मागच्या वसंतात सूरो प्रत्येक झुंज जिंकला तेव्हा कलादिझापासून माणसं त्याला बघायला येत होती आणि मी त्यांना मिठाई वाटत होते. मी काही त्यातून सुटलेली नाही. पण रानातल्या दोघांची झुंज आणि ही, यांत फरक आहे. एक खेळ आहे, कितीही ओंगळ असला तरी. दुसरा खून आहे, फक्त चोचीने केलेला.

पण हे सगळं मी लिहितेय ते एका गोष्टीला हात घालायची भीती वाटते म्हणून. आता घालते.

गुलबाख वहिनी काल रडत आली. तुझी बायको कशी आहे तुला माहीत आहे, बाळंतपणातही ओरडली नाही. ती रडत आली. म्हणाली, हाजी कादर आणि मुल्ला समेटाला बसले आहेत. माझा दीर हमद म्हणतो, भावाच्या रक्ताच्या बदल्यात रक्त, नाहीतर रक्ताच्या तोलाचं काहीतरी. आणि तू सरदश्तहून कळवलंस, की तुझ्या मुलीला, चिनूरला देतो. हमदला. तिचं लग्न हमदशी लावलं की रक्त मिटलं आणि तू घरी यायला मोकळा.

चिनूर पंधराची आहे. हमदची पहिली बायको वारली तेव्हा चिनूर रांगत होती.

खरं आहे का? हो की नाही, एवढंच लिही. चकोर पुरे.

बफ्रीन

रानिया, १६ जून १९९३

बायीझ,

‘हो’ लिहिलंस. आणि खाली दोन पानं कारणं.

‘ती तुझ्याच घरात येईल, तू आत्या आहेस, तिला जपशील.’ या तुझ्या ओळीवर मी खूप वेळ बसून होते. आपलीही एक आत्या होती. पीरोज आत्या. तिलाही रक्तात दिलं होतं. ईदला यायची ती हात गळ्यात बांधून, विचारलं की म्हणायची, गच्चीवरून पडले. एवढ्या वेळा गच्चीवरून कोण पडतं? भाकरी करपली की तिची सासू म्हणायची, ‘‘बापाने आमचा माणूस खाल्ला, आता पोरगी आमचं पीठ खाते.’’ तिला लाल कपडा कधी घालू दिला नाही. तिच्या कबरीवर तू हुंदके देऊन रडलास. मी तुला धरून उभी होते.

या घरातही तेच होणार. हमद दारू पीत नाही, नमाज चुकवत नाही, पण रोज सकाळी त्याला तिच्या चेहऱ्यात तू दिसणार. मी मध्ये किती वेळा उभी राहू?

चिनूर आली होती. तुझ्याच पिंजऱ्यांना दाणा घालून आलेली, बोटांना कोंडा लागलेला. मी विचारलं, ‘‘तुला कोणी विचारलं का गं?’’

म्हणाली, ‘‘मी हो म्हटलं की बाबा परत येतील ना, आत्या?’’

‘‘असं म्हणतात.’’

‘‘मग काय! तुमच्याच तर घरात यायचंय. आई उगाच रडते.’’

पळून जा म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, कशापासून? तिच्या अंगाला तू कधी बोट लावलं नाहीस, हे तुझ्या बाजूने लिहिते. आणि म्हणूनच मला तिच्यासाठी भीती वाटते.

पुढच्या शुक्रवारी ठरलं आहे. साबीर उद्या निघतो, बुधवारी परत येतो. एक ओळ पाठव. ‘मुलगी देत नाही.’ बापाने नाही म्हटलं तर हाजी कादर पुढे रेटणार नाहीत, मी त्यांच्याशी बोलले आहे. मग रक्ताचं जे होईल ते होईल, त्याला मीही तुझ्याबरोबर तोंड देईन.

एक ओळ, दादा. शिकवलेल्या हाताला एवढी दे.

बफ्रीन

रानिया, २६ जून १९९३

बायीझ,

तू काहीच पाठवलं नाहीस असं म्हणणार नाही. बुधवारी साबीर आला आणि त्याने ओट्यावर कलिंगडाच्या बियांची पिशवी ठेवली. पत्र कुठाय म्हटलं तर म्हणाला, ‘‘पत्र नाही, ताई. ह्या चकोरांसाठी.’’

काल काय झालं ते सांगते. माझा एक दात गेला आहे आणि ओठ सुजला आहे, कागदावर डाग पडले तर ते त्याचे.

आमच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. हाजी कादर, मुल्ला, आमच्याकडचे बाप्ये. तुतीच्या झाडाला बंदुका टेकवलेल्या. तुझे चुलतभाऊ आले ते रिकाम्या हातांनी, पागोटी सोडून गळ्यात घातलेली. बरोबर तुझे सगळे पिंजरे आणले होते, हमदला भेट म्हणून. भिंतीपाशी ओळीने लावले. ते तूच सुचवलंस म्हणे. म्हणजे तुला द्यायला जड काय आणि हलकं काय, ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

चिनूरला आणलं. ढोल नाही, मेंदी नाही. रक्तातल्या नवरीला नसतात. गुलबाख वहिनीला फाटकाबाहेर दोघींनी धरून ठेवलं होतं, तिचा आवाज आत येत होता. चिनूर सरळ चालत आली. मला बघून हसली सुद्धा.

मी उंबऱ्यावर उभी होते. पेटीतून ती ओढणी काढून आणली होती. तीच. चिनूरच्या पायांपुढे टाकली.

हमद उठला. तो वाईट माणूस नाही, मी त्याच्या पोरांना वाढवलं आहे. म्हणाला, ‘‘वहिनी, उचल ती.’’

‘‘नाही उचलत.’’

‘‘तिचं आता काय राहिलंय? तुझ्या भावाने काठीवर धरून गावाला दाखवली. माझ्या भावाने तुडवली. तू स्वतः ती पाखरांवर टाकलीस. कुठेही टाकायची आणि मग म्हणायचं माना!’’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘इथे कोंबडी कोण आहे रे?’’ आणि हशा झाला. तुझा विनोद, बायीझ. तू पळालास, पण तो गावात राहिला.

हमदने ओढणी ओलांडली. चिनूरचं मनगट धरलं. तिने हात ओढून घेतला नाही. मान वर करून ती त्याच्याकडे बघत राहिली, एवढं घट्ट धरण्यासारखं काय झालं ते कळत नसल्यासारखी. त्याने हिसडा दिला, ती गुडघ्यांवर पडली, उठली आणि परत त्याच्याकडेच तोंड करून उभी राहिली. चहाच्या शेगडीतला चिमटा घेऊन मी त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. त्याने दुसऱ्या हाताने मला मारलं, मी उंबऱ्यावर तोंडावर आपटले. तुझे चुलतभाऊ उठले, आमचे उठले, बंदुकांकडे हात गेले. मुल्ला ‘‘अल्लासाठी, अल्लासाठी’’ करत राहिला, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या.

मेनीजबाईंना तू ओळखतोस. चाळिसाव्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, मी घास भरवला तर खायच्या. भिंत धरत धरत आल्या. डोक्यावरचं दुखवट्याचं काळं कापड सोडलं. इतकी वर्षं या घरात आहे, त्यांचे केस मी कधी पाहिले नव्हते. पांढरे, विरळ, मधून कातडी दिसणारे. सगळ्या बाप्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी वाकून ते काळं कापड माझ्या ओढणीवर पसरलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

‘‘हमद,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या मामंदची किंमत कोण करतंय?’’

‘‘आई, तू आत जा.’’

‘‘त्याला मी जन्म दिला की हाजी कादरने? ही पोर आणून रोज माझ्यापुढे बसवणार, आणि तिच्या तोंडाकडे बघत मी भाकरी गिळायची? तू तिला रात्री मारणार आणि मी सकाळी ते बघायचं? मला मुलगा दिला होता. कोंबडा गेला म्हणून कोंबडी घेऊन गप्प बसायला मी काय बाजारात बसलेय?’’

‘‘मग रक्ताचं काय, आई?’’

‘‘रक्त आहे तिथेच राहू दे. मी ते विकत नाही. सोड तिला. नाहीतर ओलांड. आईचं आहे हे, ओलांडून दाखव.’’

हमदने पाय उचलला. मी जमिनीवरून बघत होते, तो पाय हवेत होता. मग त्याने तो मागे ठेवला. चिनूरचं मनगट सोडलं.

एवढा राग घेऊन माणूस जाणार कुठे? त्याने झाडाजवळची बंदूक घेतली, आम्ही सगळ्या किंचाळलो, पण तो भिंतीकडे वळला. तुझ्या पिंजऱ्यांवर. गोळ्या संपेपर्यंत. काड्या, पिसं, कापडाच्या चिंध्या. भिंत माणसाच्या उंचीपर्यंत लाल झाली. एक चकोर पाय तुटलेला, पंखांवर ओढत अंगणभर फिरला आणि चिनूरच्या पायाशी येऊन मेला. हमद बंदूक टाकून खाली बसला आणि ‘‘मामंद, मामंद’’ करत मोठ्याने रडला. हाजी कादरांनी सतरंजी गुंडाळली. समेट मोडला.

मी गेले आणि जे पिंजरे वाचले होते त्यांची दारं उघडली. रानातून धरलेले होते ते भिंतीवर चढले, तिथून थेट केवारशच्या दिशेने. हाती वाढवलेले दोन होते, ते उघड्या दारातून बाहेर बघत आतच बसले. शेवटी मी त्यांना घरात घेतलं.

चिनूर उद्या गुलबाख वहिनीच्या बहिणीकडे सुलेमानियाला जाते. शाळेत घालतील. काल माझ्या खोलीत झोपली. मनगट पार काळंनिळं झालं आहे. विचारत होती, ‘‘आत्या, मग आता बाबा कसे येणार?’’ मी म्हटलं, ‘‘येणार नाहीत.’’ तेव्हा ती रडली. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुठेतरी दुखलं असं तिने कबूल केलं.

तर आता तुझं. तुझा समेट मी मोडला. ओढणी टाकताना मला माहीत होतं, की चिनूर वाचली तर तुझ्या जिवाला आडोसा राहणार नाही. आणि तरी टाकली. पुन्हा टाकीन. तू एका ‘हो’ची दोन पानं कारणं देत बसलास तसं मी करणार नाही.

हमदने मनगटाला फळी बांधून घेतली आणि कुराणावर हात ठेवून तुझ्या रक्ताची शपथ घेतली आहे. आज सकाळी साबीर त्याच्यासमोर बसून सरदश्तची वाट सांगत होता, कुठल्या दुकानात तू चहा पितोस ते सुद्धा. म्हणून हे पत्र साबीरच्या हाती दिलेलं नाही. देणारा माणूस तुला ओळखत नाही, त्याला काही विचारू नकोस, चहाही पाजू नकोस.

सामान आवरत बसू नकोस. कोणाला निरोप देऊ नकोस. ओढणी मी पत्राबरोबर पाठवते आहे, तुझं पाऊल डावीकडचं. धुऊ नकोस.

सूरोला पळता येत नव्हतं. चिनूरला मी शिकवीन. तुला येतं, नवरोजला डोंगराकडे धावताना मी पाहिलं आहे, एकदाही मागे वळला नाहीस. तसाच आताही वळू नकोस.

पळ, दादा.

बफ्रीन